सासूबाईंसाठी फायर ब्रिगेड

त्या रविवारी सासुरवाडीला जेवायला निघताना मी कंपनीचं केशरी जॅकेट अंगात घातलं. बस्स, एवढंच केलं. पुढचं सगळं त्या जॅकेटनं केलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. (घरी हेच काम माझी बायको विजयश्री बिनपगारी करते.) तर कंपनीत अग्निशमन दलाची माणसं ट्रेनिंगला आली होती. त्यातल्या तनुजा मॅडम अॅम्ब्युलन्सवर असायच्या. त्या म्हणाल्या, "आमचं काम आता नुसतं आग विझवण्याचं राहिलेलं नाही. आमच्या गाडीबरोबर अॅम्ब्युलन्स येते, औषधं येतात, ईसीजीचं मशीन येतं. माणूस अचानक आजारी पडला तरी आम्ही येतो." मग त्यांनी लकवा कसा ओळखायचा ते शिकवलं. चेहरा बघा, हात बघा, बोलणं बघा. एक जरी वेडंवाकडं दिसलं तर विचार करत बसू नका, फोन करा.

संपूर्ण बॅचमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न मी विचारले. शेवटी शेवटी तर मी हात वर केला की बाकीचे हात जोडायचे. पण फळ मिळालं. पाठीवर 'इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम' अशी चमकणारी अक्षरं असलेलं जॅकेट मला मिळालं.

तेव्हापासून माझ्या हद्दीत कोणीतरी आजारी पडेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतो. पण आमच्या शॉप फ्लोअरवरची माणसं इतकी धडधाकट, की विचारू नका. एकदा कॅन्टीनमध्ये एकाला ठसका लागला. मी टेबलं ओलांडत पोचलो, तोवर तो पाणी पिऊन परत भजी खायला लागला होता. अशा वातावरणात माणसाचं कौशल्य गंजतं हो!

माझी सासुरवाडी चऱ्होलीची. मी मूळचा लातूरकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच जावई झालो. सासरे लक्ष्मणराव जुने शेतकरी. शेताच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचा बंगला बांधला. म्हैस मात्र सोडली नाही. त्यामुळे एका बाजूला बंगला, त्याला लागून गोठा आणि भोवती कंपाउंडची भिंत, असा तो सगळा थाट आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मामा गोठ्यात वैरण टाकत होते. जॅकेट बघून म्हणाले, "पाव्हणं, रस्त्याचं काम निघालं का कुठं?"

"नाही मामा, हे इमर्जन्सीचं आहे. कोणाला अचानक काही झालं तर…"

"मग मला झालंय की. सकाळपासून छातीत जळजळतंय. सोडा घेतला तरी उतरंना."

"ॲसिडिटी," मी चालता चालताच निकाल दिला. जॅकेटवाल्या माणसानं ॲसिडिटीत लक्ष घालणं मला कमीपणाचं वाटलं. विजयश्री मटणाचा मसाला बघायला थेट स्वयंपाकघरात गेली. मी व्हरांड्याकडे वळलो.

व्हरांड्यात सासूबाई बसल्या होत्या. गोजाबाई. मी त्यांना मामी म्हणतो. मला अचानक समोर बघून त्या दचकल्या, पदर सावरला आणि तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिल्या. एरवी मी दिसलो की 'या जावयबापू, बसा जावयबापू' असं सुरू होतं. आज एक शब्द नाही. आणि मी नीट बघितलं तर… डावा गाल फुगलेला! ओठ एका बाजूला ओढलेले!

माझ्या पाठीवरची अक्षरं गरम झाली, असं मला वाटलं.

"मामी, हसा बघू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"थोडंसं. दात दिसले पाहिजेत."

दात दाखवण्याऐवजी त्यांनी पदर तोंडावर धरला. चेहरा गेला! मी मनातल्या मनात खूण केली.

"मामी, दोन्ही हात वर करा. असे. डोक्याच्या वर." मी करून दाखवलं. जावई वेडा झाला तरी त्याचा मान ठेवायचा, अशा विचारानं त्यांनी हात वर केले. डावा वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. हातही गेला!

"मामी, माझ्यामागून म्हणा. 'आज रविवार आहे.'"

"हूं हूं हूंहूं हूं."

बोलणं गेलं! तिन्ही गेली! क्वालिटीच्या भाषेत सांगायचं तर सगळे पॅरामीटर फेल. मी अंगणात धावत गेलो आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

"नमस्कार, अग्निशमन दल. आग कुठे लागलीय?"

"आग नाही हो. सासू!"

"सासूबाईंना आग लागलीय?"

"नाही! सासूबाईंचं तोंड वाकडं झालंय!"

पलीकडचा माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, ते सगळ्यांच्याच घरी होतं. तुम्ही जरा बाहेर फिरून या."

"अहो, लकवा! बोलता येईना, हात उचलंना!"

त्याचा आवाज एकदम बदलला. "पत्ता सांगा."

"चऱ्होली. लक्ष्मणरावांचा बंगला."

"जवळची खूण?"

"म्हैस," मी म्हणालो.

(खूण खरी होती. त्या गल्लीत म्हैस असलेला बंगला तो एकच.) मागाहून मी मंदिर, वळण वगैरेही सांगितलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. मिक्सर सुरू होता. मिक्सरच्या वरताण ओरडून मी बायकोला म्हणालो, "विजू, धीर धर! मी सगळी व्यवस्था केलीय! फायर ब्रिगेड येतेय!"

तिनं आधी गॅसकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठं लागली?"

"लागली नाही. मामींना लकवा झालाय."

ती हातातलं वाटण तसंच ठेवून व्हरांड्यात धावली. मी मागोमाग. मामी होत्या तशाच बसल्या होत्या. विजयश्रीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांनी हिच्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी खुणावलं, आणि विजयश्री सावकाश माझ्याकडे वळली.

"अहो, मिश्री लावलीय तिनं."

"म्हणजे?"

"म्हणजे मिश्री! तोंडात तंबाखूची मिश्री आहे. तुम्ही अचानक समोर उभे राहिलात. जावयासमोर थुंकणार कशी ती? बिचारी तोंड मिटून बसलीय!"

"मामी मिश्री लावतात? मला कधी कोणी बोललं नाही!"

"काय बोलायचं होतं? लग्नपत्रिकेत छापायचं होतं?"

"पण हात… हात वर जात नाही…"

"खांदा आखडलाय तिचा. दिवाळीपासून तेल लावतेय."

"आणि हसल्या का नाहीत?"

"ते आता तुम्हीच समजून घ्या."

आमचा हा वाद बऱ्यापैकी रंगला होता. फोन करून गाडी परत पाठवली पाहिजे, हे मला सुचलं तेवढ्यात लांबून सायरन ऐकू आला. आता एकच मार्ग होता. गाडी गल्लीत शिरायच्या आधीच तिला मागे फिरवायचं. फाटकासमोर टेम्पो उभा, त्यामुळे रस्त्यावरून मी दिसलो नसतो. म्हणून मी कंपाउंडच्या भिंतीवर चढलो.

भिंतीवर उभं राहून मी दोन्ही हातांनी 'मागे जा, मागे जा' अशी खूण केली. आता सांगा, केशरी जॅकेटवाला माणूस भिंतीवर उभा राहून जिवाच्या आकांतानं हात हलवतोय, तर ड्रायव्हर काय समजेल? त्यानं वेग वाढवला. पुढे लाल गाडी, मागे अॅम्ब्युलन्स. मी आणखी जोरात हात हलवले, एक पाय उचलून खुणावायचा प्रयत्न केला आणि पाठीवर, आतल्या बाजूला, वैरणीच्या ढिगाशेजारी पडलो. (वैरणीवर पडलो असतो तर ही कथा इथेच संपली असती.)

डोळे उघडले तर वर निळ्या युनिफॉर्ममधला एक उंच माणूस वाकलेला. छातीवर नाव, ज्ञानेश.

"हलू नका!"

"मी पेशंट नाही."

"बरं. नाव काय तुमचं?"

"ज्योतीराम."

"आज वार कोणता?"

"रविवार. अहो, फोन मीच केला होता. सासूबाईंसाठी."

"काय झालंय सासूबाईंना?"

"काही नाही. मिश्री."

ज्ञानेशनं मान वर करून मागे बघितलं. "मॅडम, डोक्याला मार दिसतोय."

मॅडम पुढे आल्या. त्या तनुजा मॅडमच होत्या! त्यांनी मला ओळखलं. "अरे, हे तर ट्रेनिंगमधले! ते प्रश्नवाले!" असं म्हणत त्यांनी माझ्या मानेभोवती जाड पट्टा घातला. उंचावरून पाठीवर पडलेल्या माणसाला उठू द्यायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मणक्याला मार असू शकतो का, असा त्यावर माझा एक उपप्रश्नही होता. मी काही बोलायच्या आत मला फळीवर घेतलं, फळी स्ट्रेचरवर ठेवली, हातापायांवरून पट्टे आवळले, आणि मला धाप लागलीय म्हणून तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. फार व्यवस्थित काम. क्वालिटीचा माणूस म्हणून मी एकही चूक काढू शकलो नाही.

मान दोन्हीकडून अडकवलेली, त्यामुळे मला फक्त सरळ समोरचं दिसत होतं. ज्ञानेशनं स्ट्रेचरची डोक्याची बाजू जराशी उचलली आणि समोर गोठा आला. गव्हाणीच्या कठड्यावर मामा बसले होते.

सायरन ऐकून सगळे माझ्याभोवती जमले होते. विजयश्री, मामी (त्यांनी त्या गडबडीत सीताफळाच्या झाडामागे जाऊन तोंड मोकळं केलं होतं), टेम्पोवाला, शेजारच्या सोसायटीतली माणसं. सगळ्यांची पाठ मामांकडे. मामांकडे बघणारा एकटा मी होतो, आणि तोही माझा नाइलाज होता.

मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गळ्यावरून घाम ओघळत होता, सदरा अंगाला चिकटला होता. उजव्या हातानं ते डावा दंड दाबत होते. दर खेपेला श्वास घेताना तोंड उघडत होतं. सकाळपासूनची जळजळ मला एकदम आठवली. ती ॲसिडिटी नव्हती.

"मामा!" मी ओरडलो. मास्कमधून आवाज आला, "हाहा!"

"काय म्हणतायत?" ज्ञानेशनं विचारलं.

"मामांना बघा! घाम! छाती!" मी म्हणालो.

मास्कमधून आलं, "हाहाहा हहा. हाम. हाही."

"बोलणं अस्पष्ट झालंय," तनुजा मॅडम गंभीर झाल्या. त्या माझ्यावर वाकल्या आणि सावकाश म्हणाल्या, "हसून दाखवा बघू."

माझ्यावर ही वेळ यावी! मामा समोर कोसळायच्या बेतात आणि मी हसून दाखवायचं. तरी मॅडम बिचाऱ्या लवकर मोकळ्या होतील म्हणून मी हसलो.

"एका बाजूनंच हसतायत," ज्ञानेश म्हणाला.

"त्यांचं हसणं तसंच आहे हो," विजयश्री म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. आता तिलाही माझी काळजी वाटायला लागली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या सुखात पडून राहिलो असतो. पण मी तोंड पट्ट्यावर घासलं, परत घासलं, मास्क हनुवटीखाली सरकला आणि आयुष्यात जेवढा आवाज कधी काढला नव्हता तेवढ्यानं ओरडलो,

"माझ्याकडे काय बघताय! मागे बघा! मामांना ॲटॅक येतोय!"

सगळ्या पाठी एकदम वळल्या.

तनुजा मॅडम धावल्या. "बाबा, छातीत दुखतंय?"

"दुखत न्हाई गं पोरी, जळतंय. वैरण उचलली, हात जड झालाय जरा. पाव्हण्यांचं बघा आधी. त्यांच्यासाठी आलीय गाडी."

मॅडमनी त्यांच्या अंगावर मशीनच्या वायरी लावल्या. कागद बाहेर यायला लागला. त्यांनी तो बघितला आणि ज्ञानेशकडे नजर टाकली. मग औषध, रक्तस्राव, ॲलर्जी असं भराभरा विचारून त्यांनी मामांना एक गोळी चावायला दिली आणि म्हणाल्या, "स्ट्रेचर!"

स्ट्रेचर माझ्याखाली होतं.

मला ज्या वेगानं बांधलं होतं त्याच्या दुप्पट वेगानं उतरवण्यात आलं. फळीसकट मी वैरणीच्या ढिगाजवळ जमिनीवर. टेम्पोवाल्याला मॅडमनी बजावलं, "यांना आता हात लावू नका, दुसरी गाडी मागवतेय." आणि स्ट्रेचर मामांपाशी गेलं.

"मी न्हाई यायचा," मामा म्हणाले. "म्हशीची धार कोण काढंल?"

मामी पुढे झाल्या. इतका वेळ त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी तो आखडलेला उजवा हात उचलला, पार वर, मामांच्या कपाळापर्यंत, आणि पदरानं घाम पुसला. "म्हशीचं बघंल कुणी बी. तुमी गप पडा. आजवर माझं एक ऐकलं न्हाई. आज तेवढं ऐका."

मामा लहान पोरासारखे गप पडले. त्यांचे डोळे मिटत चालले होते. मामी तशाच अनवाणी अॅम्ब्युलन्समध्ये चढल्या. दार लागलं. सायरन दूर गेला आणि अंगण इतकं शांत झालं की म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं.

माझ्यासाठी ज्ञानेश मागे थांबला होता. त्यानं माझी बोटं हलवून घेतली, पाठ दाबून बघितली, दुखतंय का विचारलं. "दुखत नाही," मी म्हणालो, आणि खरंच दुखत नव्हतं. "मामांकडे जायचंय मला." त्यानं फळीचे पट्टे सोडले, दुसरी गाडी नको म्हणून कळवलं आणि म्हणाला, "हॉस्पिटलला चाललाच आहात तर तिथे तपासून घ्या. तोवर मानेचा पट्टा काढायचा नाही. आणि गाडी तुम्ही चालवायची नाही."

गाडी विजयश्रीनं चालवली. मी स्कूटरवर मागे, मान ताठ, नजर समोर, अंगात केशरी जॅकेट. सिग्नलला एका रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघून रिक्षा बाजूला घेतली आणि म्हणाला, "ताई, न्या लवकर, सीरियस दिसतायत." विजयश्रीनं स्कूटर पुढे दामटली. तिचे खांदे हलत होते. मी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"विजू, मी मघाशी मामांना…"

"आत्ता काही बोलू नका," ती म्हणाली. "हात राहू द्या."

हॉस्पिटलमध्ये मामांना थेट आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर मामी बसल्या होत्या. "गाडीत मला वळखंना झाले," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, बाई, तुमी कुणाच्या?" मी त्यांच्या शेजारी बसलो. मधे एका डॉक्टरांनी माझी मान, पाठ तपासली, एक्स-रे काढला, पट्टा सोडवला आणि 'काही नाही झालेलं' असं थोड्या निराश सुरात सांगितलं.

पुष्कळ वेळानं मोठे डॉक्टर बाहेर आले. "हृदयाची बंद झालेली शीर उघडलीय. धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. वेळेत आणलंत. रक्तदाब फार खाली गेला होता, त्यामुळे पूर्ण भानावर यायला थोडा वेळ लागेल. माणसं ओळखतायत का, ते बघू."

तोवर चऱ्होलीहून भावकी येऊन पोचली होती. पार कासारवाडीच्या आत्यासुद्धा. धोका टळल्याचं कळल्यावर सगळ्यांनी मला घेरलं आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी भिंतीवरून पडलो होतो. नंतर नंतर मी भिंतीवरून उडी मारली. आत्यांना सांगेपर्यंत मी मुद्दामच स्ट्रेचरवर झोपलो होतो, कारण तिथून गोठा स्पष्ट दिसतो.

तनुजा मॅडम निघण्याआधी भेटायला आल्या. "तुम्ही ओरडलात ते फार बरं झालं," त्या मनापासून म्हणाल्या. "आम्ही सगळे चुकीच्या माणसाकडे बघत होतो." मी नम्रपणे मान खाली घातली. ('चुकीचा माणूस' हे शब्द मी भावकीला सांगताना गाळले.) आत्या कौतुकानं म्हणाल्या, "जावई मिळावा तर असा!" विजयश्रीनंही नाही म्हटलं नाही. आमच्याकडे याला पुरस्कार मानतात.

संध्याकाळी आतून सिस्टर आल्या. "लक्ष्मणरावांचे जावई कोण?"

मी उठलो. केसांवरून हात फिरवला, जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली. मामांनी शुद्धीवर येताच आधी माझी आठवण काढावी, यानं मला फार भरून आलं. ते काय म्हणतील आणि मी 'त्यात काय मामा, माझं कर्तव्यच होतं' हे कुठल्या सुरात म्हणायचं, हेसुद्धा मी ठरवून टाकलं.

"मीच," मी म्हणालो. "जाऊ का आत?"

"नाही, थांबा," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट म्हणतायत, सगळ्यांना एकेक करून पाठवा, पण पाव्हण्यांना तेवढं बाहेरच ठेवा. बीपी आत्ता कुठं जागेवर आलंय."

कॉरिडॉरमध्ये कोणी हसलं नाही, हे मी त्यांचे उपकार मानतो. मामी मात्र ताडकन उठल्या. त्यांनी विजयश्रीचा हात धरला आणि दुपारपासून अडवून धरलेलं सगळं पाणी त्यांच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

"ऐकलंस का गं पोरी?" त्या म्हणाल्या. "पुरतं भानावर आलंय माणूस!"